तंबूतलं घर

कोलकात्याचं मैदान लष्कराच्या ताब्यात आहे. फोर्ट विल्यमच्या तोफांसमोर आडोसा नको म्हणून इंग्रजांनी अठराव्या शतकात तिथलं जंगल तोडलं, आणि तो हिरवा पट्टा आजवर मोकळाच राहिला. शहरातले जुने फुटबॉल क्लब याच पट्ट्यावर नांदतात, पण लष्कराच्या परवानगीनं. पक्कं काही उभारायचं तर त्यांना विचारावं लागतं. क्लबच्या कचेरीला तिथे आजही तंबू म्हणतात. आता भिंती आहेत, छप्पर आहे, चषकांची कपाटं आहेत, संध्याकाळी हिरवळीवर खुर्च्या टाकून बसणारे जुने सभासद आहेत, तरी तो तंबूच. मोहन बागान १८८९ सालचा, मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. शंभरी ओलांडलेल्या या तिन्ही क्लबांच्या पायाखालची जमीन त्यांची स्वतःची नाही.

सगळ्यात मोठे सामने तर तिथे होतही नाहीत. १९८४ पासून ते शहराच्या पूर्वेला सॉल्ट लेकच्या सरकारी स्टेडियमवर होतात, आणि त्याआधी कित्येकदा क्रिकेटच्या ईडन गार्डन्सवर झाले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर येतात तेव्हा यजमान कोण आणि पाहुणा कोण हे केवळ कागदावर ठरतं. घरचा सामना आणि बाहेरचा सामना ही विभागणी इंग्लंडातून आली. तिथल्या गिरणीच्या नाहीतर जहाजबांधणीच्या गावात क्लबचं स्वतःचं विटांचं मैदान, त्याला लागून कामगारांच्या चाळी, एक शनिवार घरी आणि पुढचा परगावी. कोलकात्यानं इंग्रजांकडून फुटबॉल घेतला, त्याचे नियम घेतले, स्पर्धा घेतल्या, पण हे विटांचं घर काही त्याला मिळालं नाही. म्हणून इथल्या समर्थकांच्या आठवणी वाचताना मला सतत जाणवत राहिलं की त्यांनी आपलं घर स्वतः उभं केलं आहे: गॅलरीत, रेल्वेच्या डब्यात, परक्या गावच्या स्टेडियमच्या एका कोपऱ्यात. जिथे दोनशे माणसं मोहन बागानचा हिरवा-मरून किंवा ईस्ट बंगालचा लाल-सोनेरी झेंडा घेऊन उभी राहिली, तिथे त्या दिवसापुरतं घर झालं. पुढच्या पानांतल्या आठवणी अशा घरांच्या आहेत. मराठी वाचकाला त्यांची पार्श्वभूमी कळावी म्हणून हा थोडा लांबलेला प्रास्ताविक मजकूर.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं कोलकात्यात राहिलो. फुटबॉलची आवड आधीपासून होती, पण क्लबवर माणसं किती जीव टाकतात ते तिथे पाहिलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, पेठेची इभ्रत अकरा पोरांच्या पायांत कशी येते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातलं पुष्कळसं समजावून सांगावं लागणार नाही.

या आठवणींचा उगम १९११ च्या २९ जुलैला आहे. आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं. शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांचे गोल सगळ्यांना ठाऊक असतात. अकरांपैकी एकच खेळाडू बूट घालून खेळला आणि बाकीचे अनवाणी, हेही ठाऊक असतं. मला त्या दिवसातली प्रेक्षकांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं आली, त्यांच्यासाठी जादा गाड्या आणि बोटी सोडल्या गेल्या. आलेल्यांपैकी हजारोंना मैदान दिसणं शक्यच नव्हतं. मग गोल झाला की पतंग उडवून लांबच्या गर्दीला कळवायची सोय केली गेली. आकाशातल्या पतंगावरून सामना समजून घेणारी ही माणसं कोलकात्याची पहिली समर्थक पिढी. सामना शहरात होता, पण त्यांच्या दृष्टीनं तो परगावचाच. घर सोडून, दिवसाची मजुरी बुडवून, परतीची गाडी मिळेल की नाही याची खात्री नसताना ती आली होती.

न दिसणारा सामना पाहण्याची ही रीत पुढेही टिकली. मैदानावर तिकीट न मिळालेले लोक फोर्ट विल्यमच्या उतारावर उभे राहायचे. पुठ्ठ्याच्या पेरिस्कोपमधून पुढच्यांच्या डोक्यांवरून बघायचे. आणि हे सगळं ऐन पावसाळ्यात, कारण कोलकात्याची लीग पावसाळ्यातच खेळली जाते. चिखलात घसरणारे पाय, भिजलेली लाकडी गॅलरी, आणि गर्दी आवरायला घोड्यावरचे पोलीस हे चित्र जुन्या माणसांच्या बोलण्यात इतक्या वेळा येतं की एखाद्या वर्षी कोरडी लीग झाली असेल यावर विश्वास बसत नाही.

ईस्ट बंगालची गोष्ट वेगळी सांगायला हवी. १९२० मध्ये जोडाबागान क्लबनं शैलेश बोस या खेळाडूला एका सामन्यातून वगळलं. तो पूर्व बंगालचा म्हणून वगळला, अशी भावना झाली. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी रागानं बाहेर पडले, आणि १ ऑगस्टला नवा क्लब निघाला. तेव्हा पूर्व बंगाल हा एका प्रांताचा अर्धा भाग होता. सत्तावीस वर्षांनी तो दुसऱ्या देशात गेला. फाळणीनंतर सियालदह स्टेशनच्या फलाटांवर कुटुंबंच्या कुटुंबं येऊन पडली. पुढे जादवपूर, विजयगड, आझादगड अशा वसाहती त्यांनी पडीक जमिनीवर बांबू आणि पत्रे उभे करून वसवल्या. ज्या भागातून ती आली तो आता सीमेपलीकडे होता. इकडे त्याचं नाव उरलं होतं एका फुटबॉल क्लबच्या पाटीवर.

आणि नेमक्या त्याच वर्षांत हा क्लब अजिंक्य झाला. सालेह, अप्पाराव, व्यंकटेश, धनराज आणि अहमद खान या आघाडीच्या पाच जणांना कोलकात्यानं पंचपांडव म्हटलं. १९४९ मध्ये लीग, शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स कप असे तिन्ही चषक त्यांनी आणले. या पाचांपैकी एकही पूर्व बंगालचा नव्हता. सगळे दक्षिणेतून आलेले. ज्या क्लबचा जन्म आपल्या मुलखाच्या माणसाला डावललं म्हणून झाला, त्या क्लबच्या निर्वासित समर्थकांनी केरळ-आंध्र-बंगळूरच्या मुलांना आपली मुलं मानलं, आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही. ही माणसं उगीच मोठ्या मनाची नव्हती. सगळं गमावल्यावर आपलं कोण हे नव्यानं ठरवायची वेळ त्यांच्यावर आली होती, आणि त्यांनी ते गॅलरीत उभं राहून ठरवलं, असं मला वाटतं.

मूळचे पश्चिम बंगालचे ते घोटी, पूर्वेकडून आलेले ते बांगाल. घोटींचा मोहन बागान, बांगालांचा ईस्ट बंगाल. मोहन बागान जिंकला की घोटींच्या घरी कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकला की बांगालांच्या घरी हिलसा, आणि त्या संध्याकाळी बाजारात त्या त्या माशाचा भाव चढलेला. इतकं बाहेरच्यांनाही माहीत असतं. त्यावर सिनेमे निघाले, गाणी झाली. आता दोन्हीकडची लग्नं इतकी झाली आहेत की एकाच घरात दोन्ही मासे शिजतात. या गमतीच्या भागावर मी फार रेंगाळत नाही, कारण त्याच्या पोटात एक कडवटपणाही होता, आणि आठवणी सांगणारी माणसं त्याच्याकडे आपणहून वळतात.

१९७५ च्या शील्ड फायनलला ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० हरवलं. ईस्ट बंगालसाठी ते सलग सहा लीग विजेतेपदांच्या काळाचं शिखर होतं. मोहन बागानच्या एका तरुण समर्थकानं त्या पराभवानंतर जीव दिला. इतकी वर्षं लोटली तरी हा आकडा नुसता उच्चारला की दोन्हीकडची वयस्क माणसं बोलायची थांबतात.

आणि मग १९८० चा १६ ऑगस्ट. ईडन गार्डन्सवर लीगचा सामना होता. एका रांगड्या टॅकलवरून दोन खेळाडूंत जुंपली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं, आणि वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत मारामारी पेटली. तिथे दोन्ही क्लबांचे समर्थक एकमेकांत मिसळून बसले होते. बाहेर पडायच्या वाटा अरुंद, जिन्यांवर रेटारेटी. सोळा जण गेले. सामना पाहायला गेलेली मुलं संध्याकाळी परत आली नाहीत, आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता अशा घरांतली माणसं इस्पितळांतून हिंडत राहिली. तेव्हापासून १६ ऑगस्टला कोलकात्यात फुटबॉलप्रेमींचा दिवस पाळतात आणि रक्तदान होतं. त्या दिवशी दोन्ही क्लबांचे लोक शेजारशेजारच्या खाटांवर झोपून रक्त देतात. एखाद्या खेळानं आपल्या मृतांची आठवण याहून योग्य रीतीनं ठेवल्याचं मला माहीत नाही. या संग्रहात त्या दिवसाबद्दल जे लिहिलं गेलं आहे ते थोडकं आहे आणि अडखळत आलेलं आहे. ते तसंच राहू दिलं आहे.

आनंदाच्या आठवणी मात्र भरभरून येतात. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर एक लाख एकतीस हजारांवर लोक होते. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या डायमंड रचनेचा महिनाभर गाजावाजा झाला होता, समोर ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी. बायचुंग भुतियानं तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ जिंकला. एवढ्या गर्दीतल्या माणसाला काय आठवतं? बहुतेकांना गोल सलग आठवत नाहीत. पाय टेकायला जागा नव्हती, काँक्रीटची पायरी उन्हानं तापली होती, अनोळखी माणसानं खांद्यावर घेतलं, सामना संपल्यावर वडिलांचा हात सुटला आणि बेलेघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते पुन्हा सापडले, असलं काही आठवतं. समर्थकाच्या आठवणीत सामना मधोमध असतो, पण ती भरलेली असते जाण्यानं आणि येण्यानं, आणि सोबत कोण होतं त्यानं.

हेच बाहेरगावच्या सामन्यांना जास्त लागू पडतं. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. त्याआधी परगावी जाणं म्हणजे मुंबईचा रोव्हर्स, दिल्लीचा ड्युरँड असे स्पर्धांचे मोसम होते, आणि तिथे गॅलरी भरायचे ते मुख्यतः त्या शहरांत स्थायिक झालेले बंगाली. लीग आल्यावर दर दोन आठवड्यांनी संघ कुठेतरी जाऊ लागला, आणि समर्थकांना रेल्वेचं वेळापत्रक पाठ करावं लागलं. गोव्याला जायचं तर अमरावती एक्सप्रेस. ती हावड्याहून निघून विजयवाडा, गुंटकल, हुबळी करत घाट उतरते आणि वास्कोला पोचते. दोन रात्री जातात. स्लीपरच्या एका कप्प्यात आठजणांच्या जागी बारा, वेटिंगवरचे खाली वर्तमानपत्र अंथरून, खिडकीला झेंडा बांधलेला, मुढीच्या, म्हणजे मुरमुऱ्यांच्या, पुड्यात मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची. हुबळीपर्यंत पत्त्यांचे डाव आणि जुन्या संघांची अकरा-अकरा नावं मोठ्यानं म्हणण्याच्या पैजा. लोंढ्यानंतर गाडी घाटात शिरते, दूधसागर खिडकीसमोर येतो, आणि मग डबा गप्प होतो, कारण आता सामना जवळ आला. एप्रिल २००२ मध्ये याच वाटेनं आलेल्या माणसांनी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर मोहन बागानला चर्चिल ब्रदर्सविरुद्ध १-० जिंकताना आणि राष्ट्रीय लीग उचलताना पाहिलं.

त्यानंतर पुन्हा देशाची लीग जिंकायला मोहन बागानला तेरा वर्षं लागली. समर्थकांची खरी ओळख या तेरा वर्षांत होते असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणून हरलेल्या प्रवासांच्या आठवणी मला विजयांच्या आठवणींइतक्याच मोलाच्या वाटतात. दीड-दोन दिवस प्रवास करून तीन गोलांनी हरायचं, रात्री स्टेशनवर काढायची, परत निघायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिकीट काढायचं. का, असं विचारलं तर कुणी नीट उत्तर देत नाही. ३१ मे २०१५ ला बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर मोहन बागानला आय-लीगसाठी (राष्ट्रीय लीगचं हे पुढचं रूप) फक्त बरोबरी हवी होती. बंगळूर एफसीनं पहिल्या अर्ध्यात गोल केला. तो फरक मिटेना. ८७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून बेलो रझाकचं डोकं चेंडूला लागलं आणि १-१ झालं. गॅलरीच्या ज्या भागात कोलकात्याहून आलेली माणसं होती तिथे मोठमोठे बाप्ये जमिनीवर बसून रडले. त्यातले काही २००२ ला मडगावला होते. काहींचे तेव्हाचे सोबती आता नव्हते, आणि त्यांची नावं त्यांनी तिथे घेतली.

ईस्ट बंगालवाल्यांनी याहून खडतर काळ काढला. २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकून आलेल्या संघाला घ्यायला विमानतळावर लोटलेली गर्दी, आणि पुढच्या वर्षीची राष्ट्रीय लीग. त्यानंतर वर्षानुवर्षं देशाची लीग काही हाती लागली नाही. २०१२ च्या फेडरेशन कपनंतर तर बारा वर्षं राष्ट्रीय पातळीवरचं काहीच नाही. २८ जानेवारी २०२४ ला भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर ओडिशा एफसीविरुद्ध सुपर कपचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि क्लेटन सिल्वाच्या गोलानं ३-२ असा सुटला. कोलकात्याहून भुवनेश्वर एका रात्रीचा प्रवास. म्हणून बसगाड्या, मोटरसायकली, लोकल पकडून पुढे एक्सप्रेस असे जमेल तसे लोक गेले, आणि ओडिशाच्या मैदानावर लाल-सोनेरी गर्दीचा आवाज चढलेला राहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोहमेडनचे समर्थक शिलाँगला होते. लाजाँगला २-१ हरवून त्यांचा क्लब आय-लीग जिंकला आणि इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये गेला. १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कोलकाता लीग जिंकणारा, त्या काळात सगळ्या देशातल्या मुसलमानांना आपला वाटलेला हा क्लब. फाळणीनं त्याच्या समर्थकांची घरं दोन देशांत विभागली. खिदिरपूर, पार्क सर्कसच्या गल्ल्यांतून त्यांच्या आठवणी आजवर फार थोड्यांनी टिपल्या आहेत. या संग्रहातही त्या हव्या तितक्या नाहीत, आणि ही उणीव मोठी आहे.

मधल्या काळात करोनाची साथ आली. २०२०-२१ चा आयएसएलचा सगळा मोसम गोव्यात, दारं बंद करून खेळला गेला. या लीगमधली कोलकात्याची पहिली डर्बी, म्हणजे मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना, २७ नोव्हेंबर २०२० ला वास्कोच्या टिळक मैदानावर झाली, रिकाम्या खुर्च्यांपुढे. ज्या सामन्यासाठी लाखावर माणसं जमली होती तो कोलकात्यापासून दोन हजार किलोमीटरवर, एकाही समर्थकाशिवाय. त्यातच मोहन बागानचं एटीके या फ्रँचायझीशी विलीनीकरण झालं होतं आणि क्लबच्या नावापुढे ती तीन अक्षरं आली होती. समर्थकांनी ती कधी स्वीकारली नाहीत. फलक धरले, मोर्चे काढले, काहींनी सामन्यांवर बहिष्कार घातला. जिंकणाऱ्या संघावर बहिष्कार घालणं किती जड जातं हे ज्यानं क्लबवर प्रेम केलं आहे त्यालाच कळेल. १८ मार्च २०२३ ला फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात बंगळूरशी २-२ बरोबरी, मग पेनल्टींवर विजय. आणि तिथेच, मैदानावर, ती अक्षरं जाणार असल्याचं मालकांनी जाहीर केलं. गोव्याला गेलेल्या माणसांना त्या रात्री चषकाचा आनंद अधिक झाला की नावाचा? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी नावाचं सांगितलं. ईस्ट बंगालच्या समर्थकांनाही गुंतवणूकदाराशी झालेल्या वादात २०२१ च्या जुलैमध्ये आपल्याच तंबूबाहेर लाठ्या खाव्या लागल्या होत्या.

गेल्या दहा-बारा वर्षांत गॅलरीत एक नवी कला आली आहे, ती म्हणजे टिफो. एका वेळी अख्खी गॅलरी झाकणारं रंगवलेलं कापड. ते कसं बनतं हे मी एकदा जवळून पाहिलं. मांजरपाटाचे तागे आणून पट्ट्या जोडून शिवतात. एखाद्या सभागृहाची लादी रात्रीपुरती मिळवतात. लहान चित्रावर चौकटी आखून तेवढ्याच चौकटी कापडावर खडूनं मोठ्या आखायच्या, आणि मग गुडघ्यांवर बसून बादलीतल्या रंगात ब्रश बुडवत एकेक चौकट भरायची. दिवसा नोकरी, कॉलेज करणारी मुलंमुली, पैसे वर्गणीचे. खरं कसब घडी घालण्यात असतं. उघडताना कापड योग्य कडेनं सुटलं पाहिजे, नाहीतर चित्र उलटं वर जातं. सामन्याच्या आधी दोन-तीन मिनिटं ते डोक्यांवरून हातोहात वर सरकतं. ज्यांनी ते रंगवलं ती मुलं त्याच्या खाली उभी असतात, रंगाच्या वासात, आणि समोरच्या गॅलरीला काय दिसतंय ते त्यांना दिसत नाही.

१९ जानेवारी २०२० च्या डर्बीला ईस्ट बंगालच्या गॅलरीतून असंच एक कापड उघडलं. देशभर नागरिकत्वाच्या कागदपत्रांचा वाद पेटलेला होता. ही माती आम्ही रक्त देऊन मिळवली आहे, कागद देऊन नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. सियालदहच्या फलाटावर उतरलेल्यांची ती नातवंडं-पतवंडं. सामना मोहन बागाननं २-१ जिंकला, पण त्या दिवसाबद्दल दोन्हीकडचे लोक आधी त्या कापडाविषयी बोलतात. खेळात राजकारण आणू नये असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. ईस्ट बंगालच्या समर्थकाला हे सांगणं निरर्थक आहे. राजकारणानं त्याच्या आजोबाचं घर नेलं, आणि फुटबॉल हा त्या आजोबाचा उरलेला पत्ता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आर. जी. कर इस्पितळात तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. शहर रस्त्यावर होतं. १८ ऑगस्टची ड्युरँड कपची डर्बी रद्द झाली, बंदोबस्ताला पुरेसे पोलीस नाहीत म्हणून. सामना नसताना समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर आले, तिन्ही क्लबांचे. हिरवा-मरून, लाल-सोनेरी, काळा-पांढरा एका घोळक्यात. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तरी ते हलले नाहीत. मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोसही तिथे आला. ईस्ट बंगालचा झेंडा घेतलेल्या मुलाला मोहन बागानचा शर्ट घातलेल्यानं खांद्यावर उचललं, याची छायाचित्रं देशभर छापली गेली. १९८० च्या गॅलरीची ज्यांना आठवण होती त्यांच्यासाठी हे दृश्य काय होतं ते त्यांच्याच शब्दांत पुढे वाचावं. त्या आंदोलनात मुली मोठ्या संख्येनं होत्या. गॅलरीतही आता त्या दिसतात. त्यांच्या आज्यांनी हे क्लब रेडिओवरच्या बंगाली समालोचनातून आणि स्वयंपाकघरातल्या माशावरून जपले. या आज्यांच्या आठवणी मिळवताना सगळ्यात जास्त खटपट करावी लागली, कारण आपल्याला सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

वाचताना एक सांभाळावं. या आठवणींतले आकडे आणि तारखा जिथे पडताळता आल्या तिथे पडताळल्या आहेत, पण आठवणीतला गोल नेहमी थोडा लांबून मारलेला असतो आणि पाऊस जरा जास्त पडलेला असतो. ते बदललेलं नाही. दोन भावांनी एकाच प्रवासाचं वर्णन दोन तऱ्हेनं केलं असेल तर दोन्ही ठेवलं आहे.

आता आपल्याकडचं. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप होता. तो शतकभर खेळला गेला, कित्येक वर्षं कुपरेजच्या मैदानावर, आणि २००१ च्या सुमारास बंद पडला. मोहन बागान आणि ईस्ट बंगालनं तो कितीदा तरी नेला, आणि त्यांच्यासमोर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा असे गिरण्यांचे-कंपन्यांचे संघ उभे असायचे. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं संघ मोडला. पुणे एफसी बालेवाडीवर काही मोसम खेळला आणि तोही गेला. गोव्याच्या धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. कोलकात्यात तीन अक्षरांसाठी तीन वर्षं माणसं रस्त्यावर आली. आपल्याकडे अख्खे संघ गेले तेव्हा तसा आवाज उठला नाही. संघ कंपनीचे होते, गॅलरीतल्या माणसाला त्यांच्यावर हक्क सांगावासा वाटला नाही, हे त्यामागचं कारण असावं. पण त्या गॅलरीत माणसं होती. ऑफिस सुटल्यावर चर्चगेटहून चालत कुपरेजला जाणारी, फातोर्ड्याला पेडण्याहून-काणकोणहून बसनं येणारी. त्यांनी मोहन बागानला हरताना पाहिलं आहे, अहमद खानला खेळताना पाहिलेले कुणी असतील तर ते आता ऐंशी-नव्वदीत असतील. हा संग्रह बंगालच्या समर्थकांचा आहे. समोरच्या गॅलरीत बसलेल्यांचा संग्रह मराठीत आणि कोकणीत कुणीतरी हाती घ्यायला हवा, आणि लवकर घ्यायला हवा. सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर गिरगाव, माहीम आणि मडगाव ही तीन नावं मी आत्ता देऊन ठेवतो.